खवल्यांचा ठसा

“अहो, मागे झाड आहे! झाड!” मी खालून ओरडले.

झाडाला पाठ टेकेपर्यंत हे स्कीवरून मागे घसरत आले आणि काठ्या रोवून थांबले. फांदीवरचा बर्फ भसकन टोपीवर पडला, तो झटकलासुद्धा नाही. आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का.

“तू ओरडतेस म्हणून तोल जातो माझा.”

“आणि मघाशी मी गप्प होते तेव्हा घसरलात, ते कुणामुळे?”

सत्यजित, आमचा मुलगा, स्वतःच्या स्कीवर चढावर थोडा पुढे उभा होता. तो म्हणाला, “बाबा, पुढे वाकू नका. पावलं लहान टाका, टाचेवर या. सगळं वजन पायाखाली आलं पाहिजे.”

“तुला चालायला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“आणि बर्फावर?”

“तेही तुम्हीच, बाबा.”

“मग झालं तर.”

पुन्हा निघाले. बदकासारखी पावलं फाकून थोडं चढले, सरळ केली की घरंगळले. एक जर्मन बाई कुत्र्याला घेऊन बाजूनं वर गेली, तिनं विचारलं, जमतंय ना? “या, या, गेनाऊ!” हे हसून जर्मनमध्ये म्हणाले, म्हणजे हो, हो, अगदी. ती वळणाआड गेली आणि हसू उतरलं.

वर टेकाडावर लाकडी ह्युट आहे, तिथे गरम सूप मिळतं, चहाही मिळतो. न्युरेम्बर्गहून फिख्टेलगेबिर्गेचं हे जंगल तसं जवळच. दर हिवाळ्यात चांगला बर्फ पडला की हे स्कीवरून वर जायचे आणि मी थालीपिठांचा डबा घेऊन चालत्या वाटेनं. मी दमून पोचेपर्यंत हे बाकावर बसलेले असायचे, राजासारखे. या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, आणि दवाखान्यातून आल्यापासून यांचं एकच चाललं होतं, “ह्युटपर्यंत जाऊन आलो की मी बरा.” डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. वजन वाढलं पाहिजे, ते उतरत राहिलं तर लक्षण बरं नाही. हे त्यांनी मला आणि सत्यजितला सांगितलं. यांना सांगायची कुणाची छाती? वजनकाट्यावर पाय ठेवायचं नाव काढलं की म्हणायचे, “वजन आहे तेवढंच आहे. कपडेच सैल झालेत.” कपडे धुते मी. मला सांगतात!

त्या दिवशी ह्युट राहिलं. परतताना गाडीत डबा माझ्या मांडीवर तसाच.

पण तिथून निघण्याआधी मी एक बघून ठेवलं होतं. या स्कीच्या तळाला, बरोबर पावलाखाली, माशासारखे खवले कोरलेले असतात. पुढे सरकताना ते आडवे येत नाहीत, मागे जायला लागलं की बर्फात रुततात आणि माणूस थांबतो. मेण फासायची भानगड नाही. दर वर्षी यांच्यामागे त्या खवल्यांचा ठसा बर्फात उमटलेला दिसायचा, इरकलीच्या काठासारखा रेखीव. चालती वाट त्याच्या कडेनंच जाते, मी तो बघत बघत चढायची. या वेळी बघितलं तर सत्यजितच्या वाटेवर ठसा होता. यांच्या वाटेवर नुसत्या दोन गुळगुळीत रेघा.

मी चौथी शिकलेली बाई. पण या स्की घेतल्या तेव्हा मी दुकानात होते. हे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या लोकांनी वर्गणी काढून दिल्या. मिरजेहून फिटर म्हणून आलेला माणूस फोरमन होऊन बाहेर पडला, त्याची ती भेट. दुकानदारानं यांना कांद्याच्या पोत्यासारखं काट्यावर चढवलं आणि म्हणाला, “हेर शशिकांत,” इकडे रावाला हेर म्हणतात, “तुम्हाला कडक स्की लागणार.” स्कीला मधे कमान असते. माणसाच्या भारानं ती दबली की खवले बर्फाला टेकतात. हलक्या माणसाला मऊ स्की, भरदार माणसाला कडक. मी तेव्हा ताठ मानेनं उभी होते. यांचा भरदारपणा कुणाच्या हातचा? कारखान्याच्या कँटीनचा नव्हे. उकडलेले बटाटे खाऊन कुणी असा होतो का?

घरी आल्यावर यांनी स्की आणून बैठकीतल्या फरशीवर ठेवल्या. हातानं तळ चाचपला. सत्यजितनं सुचवलं, “बाबा, फेल मिळतात. केसाळ पट्ट्या असतात, खवल्यांवर चिकटवायच्या. चढावर मागे येत नाही माणूस. मी घेऊन येतो.”

“खवल्याच्या स्कीला केस? उद्या म्हणशील कोंबडीला शेपूट लाव.” मग म्हणाले, “पट्टीचं नंतर बघू. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं. मशीन बिघडलं की आपण काय करतो? तपासतो. अगं, कागद आण.”

कागदाची परीक्षा मला ठाऊक होती. दुकानात त्या माणसानं तीच घेतली होती. माणसानं एका स्कीवर सगळा भार टाकून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पायाखालचा कागद ओढायचा. कागद अडकला तर कमान नीट दबली. सुळकन निघाला तर स्की त्या माणसाला जास्त कडक. म्हणजे माणूस स्कीला हलका. तेव्हा कागद मीच ओढला होता, टर्रकन फाटला होता, आणि हे दुकानभर हसले होते.

“उद्या बघू,” मी म्हटलं. “दमलात. आधी भात खा.”

“भात पळून जातोय? आण म्हणतो ना.”

सुपरमार्केटचं जाहिरातीचं पान आणलं. यांनी ते स्कीखाली सरकवलं, सत्यजितच्या खांद्याला धरून एका पायावर उभे राहिले. मग खांदा सोडला. पायमोज्यातून घोट्याचं हाड दिसत होतं. मी गुडघे टेकून खाली बसले.

“ओढ.”

मी कडेला धरून जरासं ओढलं. कागद आला. लोण्यातून सुरी यावी तसा. वर बघितलं तर हे समोरच्या भिंतीकडे बघत होते, जबडा आवळलेला. सत्यजित मात्र माझ्या हाताकडे बघत होता.

दुसऱ्या हाताचा तळवा मी कागदावर दाबला आणि पहिल्या हातानं हिसका मारला. टर्रकन आवाज आला.

“फाटला,” मी म्हटलं आणि फाटका तुकडा यांच्या नाकासमोर धरला. “हा बघा. अडकला नि फाटला. तुम्ही काही हलके झालेले नाही.”

यांनी तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला. मोठा श्वास सोडला. “मी काय म्हणत होतो? वजन आहे तेवढंच आहे.” मग फोरमनचा आवाज आला. “मग पकड का नाही? अं? दसऱ्याला पूजा कुणी केली?”

हे दवाखान्यात होते, मग कोण करणार? दर दसऱ्याला नट आवळायचे पाने, कानस, मापाचं व्हर्नियर असं सगळं पांढऱ्या चादरीवर मांडायचं, निवृत्तीनंतर त्यात स्कीही आल्या. हे हत्यारांना तेलाचा हात द्यायचे, मग मी हळदकुंकू. यंदा मी एकटीनं मांडलं. फूल वाहिलं, हळदकुंकू वाहिलं. तेलाची बाटली शेल्फावरून खालीसुद्धा घेतली नव्हती.

“मीच केली,” मी म्हटलं.

“स्कीला तेल लावलंस?”

लग्न झाल्यापासून या घरात चूक कुणाचीही झाली तरी माझी झालेली नाही. सासूबाई गेल्या, पण मला एका शब्दानं बोलून गेल्या नाहीत. सुना, विहिणी, शेजारणी, सगळ्यांना माहीत आहे.

“लावलं,” मी म्हटलं. “चांगलं चोपडून लावलं. मला काय माहीत?”

“चोपडून!” यांनी कपाळावर हात मारला, पण चेहरा उजळला होता. “अगं, पाने आणि स्की एक का? खवले बुजले सगळे! चाळीस वर्षं फिटरची बायको आहेस ना?”

“चुकलं माझं.”

हा शब्द माझ्या तोंडून ऐकून सत्यजित उठला. स्वयंपाकघरात गेला, फडकं आणि पेट्रोलची डबी घेऊन आला, खिडकी उघडून खाली बसला. एकेक खवला कोरून कोरून पुसायला लागला. फडकं पांढरंच राहत होतं. तरी तो पुसत होता, आणि मधेच म्हणाला, “आल्झो... म्हणजे, पुष्कळ मुरलंय, बाबा. एकदम निघणार नाही. एवढ्या वर्षी फेल लावूनच जाऊ या.”

“हिच्या तेलापायी,” हे म्हणाले. “लाव मग.”

पुढच्या रविवारी गेलो. केसाळ पट्ट्यांनी धरून ठेवलं. हे चढले, हळूहळू, दर थोड्या अंतरावर थांबून काठ्यांवर ओणवे होत, पण एकदाही मागे आले नाहीत. मी चालत्या वाटेनं न जाता मागेमागेच राहिले. माझे बूट बर्फात घोट्यापर्यंत रुतत होते. शेजारची यांची वाट इतकी वरवरची, की कुणी सांगितल्याशिवाय कळू नये इथून माणूस गेला म्हणून.

ह्युटमध्ये शेजारच्या टेबलावर अनोळखी मंडळी बसली होती. बसल्याबसल्या हे त्यांना जर्मनमध्ये सांगायला लागले, माझ्याकडे बोट दाखवून, की ही माझी बायको, हिनं पूजेच्या नादात स्कीला तेल चोपडलं, म्हणून मागच्या रविवारी मी खाली. सगळे खो खो हसले. एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढे बोट नाचवलं. सत्यजित खिडकीबाहेर बघत होता.

मी मान खाली घातली आणि डबा उघडला. थालीपीठ यांच्यापुढे ठेवलं, त्यावर लोण्याचा गोळा.

अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं यांनी डब्यात परत ठेवलं आणि झाकण स्वतःच घट्ट लावलं.

“पुढल्या दसऱ्याला पूजा मी करणार,” म्हणाले. “तू हात लावू नकोस.”

“नाही लावणार,” मी म्हटलं.