रंभाचा बायोडाटा आणि हिरवा पंप

रंभाचं लग्न जुळावं म्हणून भागीरथाबाई कॅम्प-१ या वस्तीतून मुलीला आणि मुलाच्या मामांना, जानरावजींना, सोबत घेऊनच आमच्या दुकानात आल्या. मामा दुपारच्या गाडीने तुमसरला परत निघणार होते, आणि बायोडाटा कॉम्प्युटरवरूनच काढलेला पाहिजे, अशी मुलाकडची फर्माईश. ब्याण्णव साल होतं. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टर सहामध्ये त्या मशीनचा रुबाब तेव्हा साहेबांच्या वरताण होता.

दुकान देवराव सरांचं, कॉम्प्युटरवर मजकूर छापून द्यायचं. मशीन एकच, युनिक्सचं, म्हणजे एका वेळी अनेकांना वापरता येणारं. त्याला दोन टर्मिनल, म्हणजे पडदा-कीबोर्डच्या दोन जोड्या. एकावर मी, दुसऱ्यावर ओमप्रकाश, पंपवाल्या ठेकेदाराचा कारकून, नव्या पंपाचं माहितीपत्रक भरत होता. मी रंभाची माहिती भरून छापायचं बटण दाबलं. त्याच क्षणी त्यानंही दाबलं. प्रिंटर करकरला, आणि मी बघायच्या आत जानरावजींनी कागद ओढून खड्या आवाजात वाचायला घेतला.

"कुमारी रंभा. बी.ए. रंग हिरवा. वजन एकशे ऐंशी किलो. चोवीस तास न थांबता चालते. आवाज कमी. वर्षभराची हमी." त्यांनी चष्मा काढला. "बाई, हमी वर्षभराचीच कावून?"

"अवं माय! प्रेमलाबाई, हे काय करून राहिल्या तुमी? मायी पोरगी हिरवी केली!" भागीरथाबाई माझ्यावर ओरडल्या.

दुसरा कागदही हुबेहूब तसाच निघाला. ओमप्रकाश कपाळाला हात लावून बसला. "माह्या पंपाचं नाव रंभा कवा ठेवलं? साहेब मले हाकलतीन ना!"

देवराव सर धावत आले. प्रोग्राम त्यांचाच. छापण्याआधी तो सगळा मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत गोळा करायचा आणि काम झालं की ती पुसायचा. फाइलीला नाव द्यायचा घड्याळातल्या वेळेचं.

"असं होऊच शकत नाही," सर म्हणाले. "या नावाची फाइल आहे का, हे मी मशीनला आधी विचारतो."

"विचारता सर, पण विचारणं आणि बनवणं यात फट राहते. दोन्ही टर्मिनलांनी एकदमच विचारलं, दोघांना 'नाही' म्हणून उत्तर आलं, आणि दोघं एकाच फाइलीत लिहीत बसले." भागीरथाबाईंचा चेहरा कोराच दिसला, म्हणून मी म्हटलं, "नळावर जागा रिकामी बघून कोणी बादली आणायला घरी गेलं, तर काय होईल?"

"इतकी येडी बाई आमच्या कॅम्पात नाही," त्या म्हणाल्या. "बादली हातातच रायते."

सर खोकले.

कर्नेल म्हणजे मशीनच्या पोटातला कारभारी. त्याला एकाच हुकमात सांगता येतं, की या नावाची फाइल नसेल तर बनव, असेल तर नकार दे. बघणं आणि बनवणं तो एका दमात उरकतो, मध्ये कोणाला शिरू देत नाही. नकार मिळाला की दुसरं नाव घेऊन परत विचारायचं. सरांच्या प्रोग्राममध्ये मी तो हुकूम घातला आणि प्रोग्राम पुन्हा तयार व्हायला लावला. मशीन आपल्या चालीने चाललं होतं. जानरावजी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात खुसखुस ऐकू आली. आईने मान खाली घालून बसायला लावलेली रंभा तो पहिला कागद वाचत होती. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. शेवटी ती खुर्चीसकट हलायला लागली.

"गप बस ना वं!" भागीरथाबाईंनी चिमटा काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "मामाजी, पोरगी अशी नाही जी. आजच काय झालं इले!"

"पण आई, आवाज कमी म्हणते!" रंभा कशीबशी म्हणाली आणि परत सुटली.

नवा कागद निघाला, बिनचूक. या वेळी जानरावजींनी तो मनात वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं. "स्वभाव शांत. हे कोन लिवलं?"

"मीच सांगतलं जी," भागीरथाबाई पुटपुटल्या.

"खोडा ते. आमचं पोरगं घुम्मं आहे. घरात दोघं शांत बसले, त् आमी काय भिंतीसंग बोलाव?"

मी पेन घेते तोच त्यांनी ते माझ्या हातातून ओढून ती ओळ स्वतःच खोडली, दोन जाड रेघा मारून. कॉम्प्युटरच्या कागदाची ती दशा बघून सरांचं तोंड उतरलं.

"सुपारी कवा फोडाची, सांगा," जानरावजी पिशवी उचलत म्हणाले. "अन् लवकर सांगा. मायी गाडी चालली."