एका तासाचा फरक

बाल्टिक समुद्राकाठच्या त्या संस्थेत गेझिना हार्म्स अकरा वर्षं संगणकावर भरती-ओहोटीचं गणित मांडत होती. समुद्राच्या नव्हे, हवेच्या. सूर्याच्या उष्णतेमुळे नव्वद किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांनाही दर बारा तासांनी भरती येते. तिच्या गणितात ती रडारच्या नोंदीपेक्षा एक तास आधी यायची. काही केल्या तो तास हटत नव्हता.

आणि आठ महिन्यांपूर्वीच संस्थेत आलेल्या तरुण टॉर्बेनच्या गणिताची रेघ आलेखावर रडारच्या रेघेवर चपखल बसली!

संचालक वेन्केबाईंनी केक मागवला. "बघितलंस गेझिना? पोरानं कमाल केली!"

गेझिनानं आपल्या वाट्याचा तुकडा संपवला आणि ती जागेवर परतली.

त्या दिवसापासून ती त्याच्या कामात खोट शोधू लागली. दुपारी सगळे जेवायला गेले की ही त्याच्या फायली उघडून बसायची. तिसऱ्या आठवड्यात खोट सापडली, पण रडारच्या नोंदीत. मोजणी सप्टेंबरातली. तिकडे मार्च ते ऑक्टोबर घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. तो तास वजा करायला कुणीतरी विसरलं होतं. म्हणजे तिचंच गणित बरोबर होतं!

ती तडक टॉर्बेनकडे गेली. "खरं सांग, तुझी रेघ जुळली कशी?"

तिनं पुढे केलेले आकडे बघून तो कानापर्यंत लाल झाला. "गणितातला हवेच्या घर्षणाचा आकडा वाढवत गेलो... जुळेपर्यंत."

"वाटलंच मला."

"कधीपासून शोधत होतीस?"

"केक खाल्ल्यापासून."

तो हसला. ती नाही.

शुक्रवारच्या सभेत काय बोलायचं, हे तिनं मनात चारदा घोळवलं होतं. पण टॉर्बेनच आधी उभा राहिला. "माझा निकाल चुकीचा आहे. चूक गेझिनानं पकडली. भरती ती म्हणते तेव्हाच येते."

सगळ्यांनी शाबासकी म्हणून टेबलं ठोकली, त्याच्यासाठी. वेन्केबाईंनी उठून त्याचा हात हातात घेतला. "इतका प्रामाणिकपणा मी तीस वर्षांत पाहिला नाही!" मग गेझिनाकडे वळून म्हणाल्या, "रडारच्या जुन्या फायली तेवढ्या दुरुस्त करून टाक हं."

"करते," गेझिना म्हणाली.

सोमवारी तिनं पहिल्या फाइलीतून एक तास वजा केला. रडारची रेघ तिच्या रेघेवर अलगद जाऊन बसली. अकरा वर्षं तिनं याचीच वाट पाहिली होती. शेजारच्या खोलीत टॉर्बेनभोवती हसणं-खिदळणं चाललं होतं. ती उठली आणि तिनं दार लावून घेतलं.