परत न होणारं तिकीट

इस्पितळाच्या मागच्या अंगाला कृत्रिम हातपाय बनवायची कार्यशाळा होती. तिथे ती अकरा वर्षं काम करत होती. प्लॅस्टरचे साचे घ्यायचे, सांधे बसवायचे, पेशंटला चालवून बघायचं, टोचतंय म्हणाला की पुन्हा घासायचं. लहान मुलांचं सगळ्यात अवघड. मूल वाढतं, पाय वाढत नाही, आणि दर वर्षी नवा पाय कुठल्या आईबापांना झेपतो? म्हणून तिने तीन वर्षं डोकं लढवून एक गुडघा बनवला. आत एकेक कडी घालत गेलं की पाय लांब होत जाई. पहिला गुडघा सात वर्षांच्या एका मुलीला बसवला, तर ती पोरगी कार्यशाळेच्या व्हरांड्यातून अशी पळत सुटली की आईला धरवेना.

त्यावर शोधनिबंध लिहिला गेला. विभागप्रमुखांचं नाव पहिलं, त्यांच्या मित्राचं दुसरं, तिचं तिसरं. मोठ्या परिषदेत निबंध निवडला गेला आणि बोलायला दहा मिनिटं मिळाली.

प्रमुखांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “विभागाकडे एकाच तिकिटाची सोय आहे. मी जाऊन मांडतो. तू चित्रं तेवढी नीट काढून दे.”

“मी माझ्या खर्चाने आले तर?”

ते हसले. “भाडं बघितलंस का? तीन महिन्यांचा पगार जाईल तुझा. वाईट वाटून घेऊ नकोस.”

“वाईट नाही वाटलं सर. आले तर चालेल का, एवढंच विचारलं.”

“ये की,” ते म्हणाले आणि समोरची फाईल उघडली. ती येणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

घरी आल्यावर तिने हे सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी उभा जन्म बस डेपोत वेळापत्रकं बनवण्यात घालवला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुठली गाडी कुठून सुटते हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. “स्वस्त तिकीट आपण शोधू,” ते म्हणाले.

“पण बाबा, विमानाचं तुम्हाला कळेल का?”

“विमान काय नि बस काय. रिकामी सीट घेऊन जायला कुणालाच परवडत नाही. ती रिकामी कधी जाते, तेवढं शोधायचं.”

मग रोज ती कामावरून आली की दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायची. ती लॅपटॉपवर तारखा बदलत राही, सासरे आलेखाच्या कागदावर भाडी मांडत. शुक्रवारी भाडं आभाळाला टेकलेलं, मंगळवारी निम्म्यावर आलेलं. पण परिषदेच्या आठवड्यात त्या शहराला जाणारं एकूण एक विमान महाग होतं.

“त्याच गावात उतरायचं, असं कुणी सांगितलंय?” सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “आजूबाजूला बघ.”

दोनशे किलोमीटरवर एक बंदराचं गाव निघालं. तिथे छोटा विमानतळ होता आणि पहाटे तिथून परिषदेच्या शहराला बस होती. भाडं एक तृतीयांशावर आलं.

नवरा खांद्यावरून डोकावला. “तीन विमानं आणि वर बस? दहा मिनिटांसाठी?”

“तिची आहेत ना ती दहा मिनिटं?” सासरे म्हणाले.

नवरा आत गेला. थोड्या वेळाने तिघांसाठी चहा घेऊन आला.

एक दिवस विचार करू म्हणून ती थांबली आणि तिथेच चुकली. दुसऱ्या संध्याकाळी भाडं सव्वापट झालं होतं. तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने लॅपटॉप आपटल्यासारखा मिटला. सासऱ्यांनी तो पुन्हा उघडला. “जायचं-यायचं एकत्र कशाला घेतेस? सुटं सुटं बघ.” जाताना एका कंपनीचं, येताना दुसऱ्या कंपनीचं तिकीट घेतलं, तर बेरीज कालच्याहून कमी भरली. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: हे तिकीट परत होणार नाही.

“मग तर बरंच झालं,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

सकाळी ती प्रमुखांच्या केबिनमध्ये उभी राहिली. “तिकीट काढलंय सर. रजेचा अर्ज टेबलावर ठेवलाय. आणि परिषदवाल्यांनी कोण बोलणार म्हणून विचारलं होतं, तिथे माझं नाव दिलंय.”

प्रमुखांचा चेहरा उतरला. “निबंधावर पहिलं नाव माझं आहे.”

“असू दे की. बोलणार मी.”

तिची रजा अडवायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. शिल्लकच तेवढी होती.

स्वस्त तिकिटात सात किलोंची एकच पिशवी चालत होती. विमानतळावर पिशवी भरली नऊ किलो. काउंटरवरच्या बाईने जादा सामानाचा आकडा सांगितला, तो जवळजवळ तिकिटाएवढा होता. तिने पिशवी उघडली, त्यातून परिषदेत दाखवायला बनवलेला, त्या मुलीच्या पायासारखाच दुसरा पाय काढला आणि काखेत धरला.

“आता करा वजन.”

“मॅडम, ते पण सामानातच धरतात.”

“हा पाय आहे. तुमच्याच नियमात लिहिलंय, कृत्रिम अवयवांना पैसे नाहीत.”

“ते वापरणाऱ्यासाठी असतं.”

“वापरणाऱ्यानेच न्यायचा, असं कुठे लिहिलंय ते दाखवा.”

मागची रांग थांबली होती. बाईने नियम वाचले, पुन्हा वाचले, मग मान न उचलता पिशवीला लावायची पट्टी छापून दिली. तीनही विमानांत तो पाय तिच्या मांडीवर होता.

परिषदेच्या इमारतीत ती बसमधून थेट पोहोचली. प्रसाधनगृहात तोंड धुतलं, चुरगळलेला कुडता ओल्या हाताने सारखा केला. प्रमुख पहिल्या रांगेत बसले होते, थेट विमानाने आदल्या दिवशीच आलेले. अध्यक्षांनी सवयीने यादीतलं पहिलं नाव पुकारलं. प्रमुख अर्धवट उठले. तोवर ती चालत व्यासपीठावर पोहोचली होती.

“हा गुडघा मी बनवला,” तिने पाय टेबलावर उभा करत सुरुवात केली. साडेनऊ मिनिटांत तिने सगळं सांगितलं. एकाने विचारलं, आत वाळू गेली तर? “अडकतो,” ती म्हणाली. “अजून त्यावर उपाय सापडलेला नाही.” प्रमुखांनी डोळे मिटून घेतले. सभागृहात मात्र दोनचार जण हसून माना डोलवत होते. त्यांच्याही सांध्यांत वाळू जात असणार.

बाहेर एक वयस्क कारागीर तिची वाट बघत उभा होता. त्याच्या नखांत प्लॅस्टर अडकलेलं होतं, तिच्या नखांत असायचं तसंच. त्याच्या छोट्या कार्यशाळेत बावीस मुलं पायाची वाट बघत होती. गुडघ्याची मापं मिळतील का, असं त्याने अडखळत विचारलं.

प्रमुख मध्येच आले. “मापं अशी वाटता येत नाहीत. परत गेल्यावर रीतसर परवानगी काढू, मग कळवू.”

“किती दिवसांत?” तिने विचारलं.

“बघू.”

तिने कार्यक्रमपत्रिका पालथी केली, भिंतीला टेकवली आणि कड्यांचा व्यास लिहायला घेतला. “सर, जरा बाजूला होता का,” ती म्हणाली, “उजेड अडतोय.”