परीक्षकांची कॉपी

बाईंनी तेहतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आणि बोर्डाचे पेपर तपासले. शून्य देताना त्यांचा हात कधी थरथरला नाही, म्हणून मुलांनी त्यांना भोपळाबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव निवृत्तीनंतरही त्यांच्या मागे लागून राहिलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. फुकट गुण वाटणारी बाई म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणत.

त्यांचा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवायचा. माणूस लाघवी, कष्टाळू, पण नव्या गोष्टीच्या नादी लगेच लागणारा. वडिलांची जमीन विकून आलेले पैसे दोघांच्या नावावर बँकेत पडून होते आणि ते काढायला दोघांच्याही सह्या लागत. एका दुपारी भाऊ बँकेचा फॉर्म घेऊनच बहिणीकडे आला. ते सगळे पैसे त्याला एका नव्या क्रिप्टोत, म्हणजे संगणकांच्या एका जाळ्याच्या आभासी नाण्यांत, घालायचे होते.

बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि आधी समजावून सांग म्हणाल्या. भावाने तासभर घसा कोरडा केला. मोठ्या कंपन्यांची एआय एकाच मालकाच्या ताब्यात असते, हे जाळं तसं नाही. जगभरातली साधी माणसं आपापले संगणक त्याला जोडतात. कुणी प्रश्न विचारला की दहा संगणक उत्तरं देतात, मग जाळ्यातलेच परीक्षक त्या उत्तरांना गुण देतात, आणि ज्याला जास्त गुण त्याला या जाळ्याची जास्त नाणी. लोक वापरतील तशी नाण्यांची किंमत वाढेल, असा सगळा हिशेब.

"म्हणजे परीक्षाच की," बाई म्हणाल्या. "आणि पेपर तपासणाऱ्यांना काय मिळतं?"

त्यांनाही नाणी मिळतात, भाऊ म्हणाला. ज्याचे गुण बाकीच्या परीक्षकांच्या गुणांशी जुळतात, त्याला जास्त. शिवाय काही लपवाछपवी नाही, कुणी किती गुण दिले ते सगळ्यांना लगेच दिसतं.

हे ऐकल्यावर बाईंचे डोळे बारीक झाले. पेपर तपासणीच्या हॉलमध्ये त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं एक गृहस्थ बसत. ते गठ्ठा उघडायचे, आधीच्या परीक्षकाने दिलेले गुण बघायचे, तेच पुन्हा लिहायचे आणि उरलेला वेळ डुलक्या काढायचे. बाईंनी सही करायला एक महिन्याची मुदत मागितली. भावाचा चेहरा पडला, पण ताईपुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई दुपारी दुकानात येऊन बसू लागल्या. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र होतं, त्याच्या शेजारी भावाचा संगणक. किरकोळ नाणी घेतली की कुणालाही प्रश्न विचारता येत. भावाने ती स्वतःच्या खिशातून घेऊन दिली. बाईंनी शाईचं पेन आणि दोनशे पानी वही काढली आणि कुठल्या परीक्षकाने किती वाजता किती गुण दिले ते उतरवायला घेतलं. यंत्राच्या घरघरीचा त्यांना त्रास झाला नाही. साठ मुलांच्या वर्गापुढे ती काहीच नव्हती.

दहा दिवसांत त्यांना हवं ते सापडलं. एकूण एकोणीस परीक्षक होते. त्यातला सगळ्यात बडा, ज्याच्याकडे सर्वांत जास्त नाणी होती, तो आधी गुण द्यायचा. मिनिटभरात सोळा जण तेच गुण द्यायचे. त्याने सात पूर्णांक पस्तीस शतांश दिले की यांचेही सात पूर्णांक पस्तीस शतांश.

"योगायोग असेल," भाऊ म्हणाला.

"दोन मास्तर एका निबंधाला सारखे गुण देत नाहीत," बाई म्हणाल्या. "इथे सतरा जण देतायत, तेही शतांशापर्यंत. ही कॉपी आहे. मुलांची नाही, परीक्षकांची."

पण नुसता संशय घेऊन मुख्याध्यापकांकडे जायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पोरांना चकवायचा ठेवणीतला एक प्रश्न काढला. एका त्रिकोणाच्या बाजू तीन, चार आणि आठ सेंटीमीटर आहेत, तर त्याचं क्षेत्रफळ किती? नऊ संगणकांनी हां हां म्हणता आकडे काढले, कुणी तर चार दशांश स्थळांपर्यंत. एकाच संगणकाने लिहिलं की असा त्रिकोण होऊच शकत नाही, कारण दोन लहान बाजू जोडल्या तरी मोठीला पुरत नाहीत. बड्या परीक्षकाने त्याला शून्य दिलं. पाठोपाठ सोळा शून्यं आली. बरोबर गुण देणारे फक्त दोघे निघाले, आणि इतरांशी जुळलं नाही म्हणून त्यांचीच नाणी कापली गेली.

बाई संतापल्या. आयुष्यभर त्यांनी शेकडो शून्यं दिली, पण एकही न वाचता दिलं नव्हतं. बरोबर उत्तराला भोपळा देणं त्यांच्या दृष्टीने गुन्हाच होता.

त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं. तारखा, वेळा, गुण, आणि शेवटी एक सूचना: सगळ्यांचे गुण येईपर्यंत कुणाचेच गुण दाखवू नयेत. भावाने ते इंग्रजीत उतरवलं, पण जाळ्याच्या चर्चेच्या पानावर टाकताना त्याचं बोट अडलं. हे वाचून लोक घाबरतील आणि भाव पडेल, असं त्याचं म्हणणं.

"पडू दे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपण अजून कुठे घेतलंय?"

पत्र गेलं. पहिले दोन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने म्हाताऱ्या बाईंनी विणकाम करावं असा सल्ला दिला. पाचव्या दिवशी कुण्या परक्या देशातल्या मुलीने त्यांच्या पत्रातली एक-एक नोंद ताडून पाहिली आणि सगळी बरोबर असल्याचं लिहिलं. मग एकच गदारोळ झाला. भाव निम्म्यावर आला. भाऊ दुकानात गिऱ्हाइकाला फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगायचा आणि आपण फोन वाचायचा. आपण त्यात नाही याचा आनंद मानावा की ताईने सोन्यासारखी वस्तू मोडली म्हणून रडावं, ते त्याला कळेना.

जाळं उभारणाऱ्यांनी मात्र टाळाटाळ केली नाही. नाणी असलेल्यांचं मतदान घेतलं, बाईंची सूचना जशीच्या तशी मान्य झाली आणि नियम बदलला. पहिल्याच आठवड्यात कॉपी करणारे सोळाही जण उघडे पडले. समोर पाहायला काही नसल्यामुळे ते वाट्टेल ते गुण देऊ लागले होते. त्यांच्या जागी नवे परीक्षक आले.

त्याच आठवड्यात बाईंच्या नावाने एक निरोप आला. त्रिकोणाचं बरोबर उत्तर देणाऱ्या संगणकाचा मालक लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याचा संगणक एका इमारतीच्या तळघरात, तारांच्या भेंडोळ्यांच्या बाजूला चालत होता. त्याने आपल्या यंत्राला एकच वळण लावलं होतं, उत्तर देण्याआधी प्रश्न तपासायचा. त्यापायी वर्षभर गुण कमीच पडले, बायको विजेच्या बिलावरून बोलायची, आणि महिनाअखेरीस तो यंत्र बंदच करणार होता. आता त्याला पहिल्यांदा पूर्ण गुण मिळाले होते. त्याने लिहिलं होतं, "मला वाटत होतं, मीच चुकतोय."

बाईंनी ते भावाकडून दोनदा वाचून घेतलं. मग चष्मा काढून पुसला, आणि चष्म्याच्या दुकानात बसूनही फडकं सापडत नाही म्हणून भावाला उगाच बोलल्या.

मुदत संपली त्या दिवशी भाऊ फॉर्मचं नावही काढेना. बाईंनीच तो पर्समधून काढला. सगळी रक्कम खोडून त्यांनी दहावा हिस्सा लिहिला आणि सही केली.

"आता कशी काय तयार झालीस?" भावाने विचारलं. "भाव तर अजून खालीच आहे."

"चूक दाखवल्यावर त्यांनी वही लपवली नाही," बाई म्हणाल्या. "तेवढ्याचे एवढे गुण. उरलेले वर्षभराने बघू. आणि बुडाले तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

भावाने मान डोलावली. उरलेल्या पैशांतल्या आपल्या वाट्यातून डोळे तपासायचं नवं यंत्र घ्यायची परवानगीही त्याने त्याच दमात काढून घेतली. पुढे भाव थोडा चढला, थोडा उतरला, आणि हळूहळू त्याने दर तासाला फोन बघणं सोडलं.

संगणकांची परीक्षा घ्यायला दर महिन्याला वीस प्रश्न काढून द्यायचं काम जाळ्याने बाईंना दिलं. मोबदला नाण्यांत. मागची खोली त्यांनी व्यापून टाकली, तिथे कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना चालेना. पहिला पेपर त्यांनी इतका अवघड काढला की दहापैकी आठ संगणकांना भोपळा मिळाला. लिफ्टवाल्यालासुद्धा चारच गुण पडले. त्याने तक्रार केली नाही, फक्त कुठे चुकलो ते विचारलं. बाईंनी लगेच वहीचं कोरं पान उघडलं आणि पट्टी घेऊन आकृती काढायला बसल्या.