किडनीसोबत आलेला पाहुणा

बान दोग्योम बुसानच्या चढउतारांवर सिटी बस चालवायचा. त्याला किडनी दिली ती धाकट्या बहिणीने, मीरेने. तेव्हा तिची पीएच.डी. नुकतीच हातात आली होती. पुढे ऑपरेशन, दादाची पथ्यं, मग आईचं आजारपण, यात संशोधन मागे पडलं ते पडलंच. बरोबरीच्या मुली कुठल्या कुठे गेल्या आणि मीरे शाळकरी पोरांच्या शिकवण्या घेत राहिली.

मग एका हिवाळ्यात तिला एक जाहिरात दिसली. अवयव बदलल्यावर माणसाचं शरीर विषाणूंशी कसं झुंजतं, यावर काम करणारी प्रयोगशाळा, तीही त्याच शहरात, आणि तिथे पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधकाची जागा. मीरेने अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात दादाच्या रक्तात बीके विषाणू सापडला.

हा विषाणू तसा गरीब. लहानपणीच बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि किडनीत निपचित पडून राहतो. पण दुसऱ्याची किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवली, की त्याला रान मोकळं मिळतं आणि तो राहतं घरच पोखरायला लागतो. डॉक्टरांनी दोग्योमची औषधं कमी केली. पण फार कमी केली तर शरीर किडनीच नाकारायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

दोग्योमने सुट्टी टाकली आणि तो घरी लोळत टीव्हीवर बेसबॉलचे जुने सामने बघू लागला. मीरेला मात्र घास गिळवेना. हा विषाणू पुष्कळदा दात्याच्या किडनीतूनच येतो, हे तिने कधीच वाचलेलं होतं. म्हणजे जीव वाचवायला जे दिलं, त्यातूनच हे गेलं असणार. दादाला सांगायचं म्हणून ती दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेली आणि फळं कापून ठेवून परत आली.

मुलाखतीला जाऊच नये असं तिला वाटत होतं, पण दादानेच तिला हाकललं. प्रयोगशाळेच्या प्रमुख नामगुंग बाई साठीच्या आसपासच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं. मीरेने पाठ केलेलं उत्तर अर्ध्यावर सोडलं आणि सगळं खरं सांगून टाकलं, अगदी विषाणू आपलाच असावा इथपर्यंत. बाईंनी सांत्वन केलं नाही. अशा वेळी कोणतं औषध आधी कमी करावं, कशावरून ठरवावं, हे खोदून खोदून विचारलं. मीरे सांगत गेली. विषाणूला ओळखणाऱ्या पेशी रक्तात किती आहेत हे वेळेवर कळलं, तर औषध अंदाजाने कमी करावं लागणार नाही, आणि तेच शोधायला मी आलेय, म्हणाली.

बाईंनी तिचा अर्ज खाली ठेवला.

"पेशंटच्या घरच्या माणसाला या कामावर घ्यायची मला भीती वाटते. विषाणूचा आकडा चढला की अशा माणसाचं कामात लक्ष राहत नाही."

"आकडा चढलेलाच आहे बाई," मीरे म्हणाली. "तरी मी आज आलेय."

जागा मिळाल्याचा फोन पुढच्या आठवड्यात आला. वसंतात रुजू व्हायचं होतं. मीरेने आभार मानले, फोन ठेवला, पण घरात ते बोलली नाही. दादाची किडनी गेली, तर कुठल्या तोंडाने पेढे वाटायचे?

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी पडद्याकडे बघत सांगितलं की विषाणू निम्म्याहूनही खाली आलाय आणि किडनी जशीच्या तशी काम करतेय. हीच औषधं चालू ठेवा. बाहेर आल्यावर मीरे भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली.

"अगं, बरा झालो म्हणून रडतेस?" दोग्योम म्हणाला.

तिने सांगितलं. हुंदके देत, आडवंतिडवं, पण विषाणू आपल्याच किडनीतून गेला असणार हे सांगितलं. दोग्योम शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"एवढंच? ते डॉक्टरांनी मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"घर घेतलं की जुनी झुरळंही येतात. म्हणून काय कोणी घर नको म्हणतं?"

"मला झुरळवाली म्हणतोस?"

"मग? पोस्टडॉक झालीस की मार ती झुरळं हवी तेवढी."

मीरेचे डोळे मोठे झाले. नोकरीचं त्याला कसं कळलं, विचारलं तर तो हसला. भिंती पातळ आहेत आणि तू फोनवर मास्तरणीसारखी ओरडतेस, म्हणाला.

दवाखान्यासमोरच्या खानावळीत दोघांनी गरमागरम डुकराच्या मटणाचं सूप आणि भात घेतला. दोग्योमचा हात खारवलेल्या कोळंबीकडे गेला तशी मिठाचं पथ्य म्हणून मीरेने वाटी ओढून घेतली, तो कुरकुरला. मीरेने मात्र वाडगा चाटूनपुसून संपवला आणि आणखी भात मागितला.

घरी जाताना बसमध्ये दोग्योम चालकाच्या ब्रेक लावण्याला हळू आवाजात नावं ठेवत होता. मीरे हो हो करत होती, मग तेही थांबलं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती गाढ झोपली होती. उतरायचा थांबा आला आणि गेला, तरी त्याने तिला उठवलं नाही.