शेरवानीवरून घेतलेला हात

“ह्यो मालकाचा हात हाय का वखराचा दांडा?”

धोंडीबा गवंडी मला आडवी धरून, एक डोळा मिटून पुटपुटला. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, मालकीणबाई चार पावलांवर उभ्या होत्या. पण मी त्याच्या मुठीतच होते. मला सगळं ऐकू आलं.

मित्रांनो, तो दांडा म्हणजे मी. शिसवाची, तेव्हा दोन्ही टोकांना पितळी टोप्या घातलेली आणि आता वयानं काळी पडलेली हातकाठी. तुमच्या दप्तरात फूटपट्टी असते, तशीच मी. फरक एवढाच की फूटपट्टी सगळ्यांची असते आणि मी एकाच माणसाची. आमच्या परभणीकडं, निजामाच्या राज्यात, घर बांधायचं ते घरधन्याच्या हातानं मोजून. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दुसऱ्याच्या हातानं मोजलेलं घर लाभत नाही, असं जुनी माणसं म्हणत. आता घरधनीच गवंड्यासोबत उन्हात उभा असला तर काठी कशाला लागते? मी लागले, कारण माझा धनी हैदराबादेत होता.

व्यंकटराव त्यांचं नाव. गाव बोरी, तालुका जिंतूर. दहा-बारा वर्षं ते हैदराबादेत एका दफ्तरात कारकून होते. त्यांच्या बायको कस्तुराबाई मात्र बोरीतच, थोरल्या दिराच्या घरी. माजघराच्या एका कोपऱ्यात एक पेटी, एक जातं आणि एक वळकटी, एवढा त्यांचा संसार. त्या कोपऱ्यातून उठून स्वतःच्या चुलीपुढं बसायचं, हे एकच मागणं त्यांनी लग्नापासून लावून धरलं होतं. अखेर मालकांनी मनावर घेतलं. घर बोरीत व्हायचं होतं, पण त्याचा नकाशा निघाला हैदराबादेत, दफ्तराच्या कागदावर, दुपारच्या सुट्टीत.

माझा जन्म चारकमानीजवळच्या एका कातारी दुकानातला. खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या फिरवून घडवणारं दुकान. मालक घाईघाईनं आत शिरले आणि त्यांनी हात पुढं केला.

“शेरवानी उतारते क्या साब? माप बराबर आता,” कातारी म्हणाला.

“रैने दो. दफ्तर को देर होरी.”

मग त्यानं बाहीवरूनच दोरा धरला. कापड जाड, त्यात कोपराशी अस्तराची घडी. मी एका बोटाच्या रुंदीएवढी जास्त लांब निघाले. मित्रांनो, ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. एक तो कातारी, तो मला विकून विसरून गेला. दुसरी मी, आणि मला तोंड नाही.

गावाकडं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या गाठोड्यात बसून मी रेल्वेनं परभणीला आणि तिथून बैलगाडीनं बोरीला आले. कस्तुराबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून आपल्या हाताला लावलं. त्यांचा हात चार बोटं कमी भरला. मग त्यांनी मला पदरानं पुसलं. मी काही पुसण्याइतकी मळलेली नव्हते.

पायाच्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, नारळाशेजारी ठेवलं. “बगा, मालकच येऊन बसल्यावानी वाटायलंय,” कुणीतरी म्हणालं, आणि मी केवढी फुगले! हैदराबादेहून आलेली पितळी टोप्यांची काठी गावात दुसरी नव्हती. पहिले आठ दिवस तर धोंडीबा हात धुऊन मला उचलायचा.

भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या दीड हात जाड. रोज थोड्या थोड्या वर येत होत्या. आणि महिन्याला एक पत्र येत होतं. ते वाचायला बन्सीधर मास्तर, गावच्या शाळेतले, संध्याकाळी जोत्यावर येऊन बसत. सगळे भोवती गोळा होत. मालकांचा हुकूम ऐकायचा तर माणसानं हातातली थापी खाली ठेवावी, अशी रीतच पडली होती.

“बैठकीत मधे एकही खांब नसावा,” मास्तर वाचत. “इकडच्या बंगल्यांत खांब नसतात. पश्चिमेला मोठी खिडकी काढावी.”

“पश्चिमेला?” धोंडीबानं डोक्याचं मुंडासं सरळ केलं. “दुपारचं ऊन सरळ आत यील. ह्या खिडकीत पापड वाळतेत बगा.”

“वाळू द्या. पापड तर होतील,” बाई म्हणाल्या.

मास्तर पुढं गेले. “अंगणातल्या लिंबाला कुणी हात लावू नये. त्याच्या सावलीत मी आरामखुर्ची टाकून बसणार आहे.”

तो कडुलिंब दोन वर्षांपूर्वी वावटळीत पडला होता. धोंडीबा ज्या चौकटीला टेकून ऐकत होता, ती त्याच लिंबाची होती. तो हळूच तिच्यापासून बाजूला सरकला.

“कळवायचं का?” मास्तरांनी विचारलं.

“कशाला? आले की दिसंलच,” धोंडीबा म्हणाला.

मास्तरांनी कागदाची घडी केली. “आणि लिवलंय, लवकरच येतो.”

प्रत्येक पत्र असं संपायचं. तेवढं ऐकून बाई उठायच्या आणि थोरल्या जावेच्या घरी भाकरी थापायला जायच्या.

चैत्र सरता सरता भिंती पुऱ्या झाल्या आणि बैठकीवर तुळई, म्हणजे छत पेलणारं आडवं लाकूड, चढवायचा दिवस आला. भुजंग सुतारानं ती तुळई तीन वर्षांपूर्वीच तासून ठेवली होती. तेव्हा मालक शेवटचे गावी आले होते, आणि भुजंगानं त्यांच्या उघड्या हातावर दोरी धरून माप घेतलं होतं. आठ जणांनी ‘हर हर’ करत तुळई वर नेली. एक टोक भिंतीवर बसलं. दुसरं टोक समोरच्या भिंतीच्या अलीकडंच आठ बोटं लटकत राहिलं.

बैठक चौदा हातांची. दर हाताला एक बोट. त्यातली सहा बोटं भिंतीवर टेकायला ठेवलेल्या जादा लांबीत गेली. हिशोब तुम्हीच करा.

“भिंत चुकली,” भुजंग वरून म्हणाला.

“भिंत कामून चुकंल? तुळई आखूड.”

“म्या मालकाच्या हातानं मोजलीय.”

“मंग म्या काय माज्या सासऱ्याच्या हातानं मोजली? ही बग काठी! पितळ लावून आलीय हैदराबादहून!”

“आरं, तीन वर्सांत मालकाचा हात वाढला का मंग?”

“सरकारी नोकरीत वाढतोच की!”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या लटकणाऱ्या टोकाकडं बघत उभ्या राहिल्या. आणि मी? मी धोंडीबाच्या मुठीत लाजेनं मेल्याहून मेल्यागत झाले होते. ‘बाही वर करायला हवी होती हो,’ एवढंच सांगायचं होतं मला. पण ते कुणाला सांगणार?

उपाय अवघड नव्हता. गवंडी आणि सुतार जन्मात पहिल्यांदा एकमतानं बोलले, की भिंतीपासून हातभर आत एक खांब उभा करा, तुळई त्यावर मजेत बसते. पण बैठकीत खांब मालकांनी मना केला होता. घर मालकांचं, हात मालकांचा, हुकूम मालकांचा. तेव्हा पत्र लिहिलं. तुळई खाली उतरवली. काम थांबलं.

महिन्यानं जवाब आला, दफ्तरी तारीख घातलेला, निजामी सालातल्या खुर्दाद महिन्याचा, म्हणजे आपल्या वैशाखातला. त्यात दारावरच्या झरोक्याला कोणत्या रंगाच्या काचा शोभतील ते दीड पान होतं. आणि, “बैठकीत खांब नको, हे मी आधीच लिहिलं आहे.”

“मंग तुळईचं काय?” भुजंगानं विचारलं.

“लवकरच येतो म्हणतेत,” मास्तर म्हणाले. “आल्यावर बगू.”

झालं. त्यानंतर गावात जो तो तेच बोलायचा. दोनदा बैलगाडी परभणी ठेसनला जाऊन आली. दोनदा रिकामी आली. “आगगाडी चुकली आसंल,” गाडीवान म्हणाला, आणि सगळ्यांनी लगेच माना हलवल्या, जणू आगगाडी चुकणं हा एक आजारच होता आणि तो हैदराबादेत फार पसरला होता.

थोरल्या जाऊबाई, नर्मदाबाई, वाईट नव्हत्या. पण एका चुलीवर दोघींची वर्षं गेली की जिभेला धार येते.

“कस्तुरा, झालं का गं घर? का आभाळाचंच छत करायलीस?”

“करायलेय, अक्का. तेवढंच उंच पायजे म्हणतेत ते.”

एवढं बोलून बाई जात्याला खुंटा ठोकत बसायच्या, बराच वेळ, खुंटा घट्ट असला तरी.

मग एक दिवस वळवाची सर येऊन गेली. घटकाभराचीच. पण उघड्या भिंतींच्या माथ्यावरून माती दुधासारखी ओघळली. धोंडीबानं मला लावून मोजलं, दोन बोटं भिंत गेली होती. “मिरगाच्या आत माळवद पडलं न्हाई तर ह्या भिंती बसत्यात, बाई,” तो म्हणाला. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. त्यासाठी आधी तुळई हवी. बाईंनी विचारलं, “मंग?” धोंडीबा जमिनीकडं बघत म्हणाला, “मंग काय. मालक आले की…”

या दिवसांत माझे हाल झाले, मित्रांनो. काम बंद पडलं की माप कोण विचारतो? कुणी माझ्यानं गारा, म्हणजे भिंतीची कालवलेली माती, ढवळला. कुणी शेळ्या हाकल्या. एक पितळी टोपी गाऱ्यात गळून गेली ती गेलीच. हळदकुंकवाचा डाग कधी निघाला ते मलाही कळलं नाही. पण मी रुसले नाही. त्या भिंती माझ्या मोजमापाच्या होत्या, आणि त्या विरघळताना बघणं हे गाऱ्यात बुडण्याहून वाईट होतं.

आता म्हातारपणी तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. कामाची वस्तू काम नसलं तरी पुसून ठेवत जा. तिलाही हात ओळखीचा झालेला असतो. आणि कुणाचं माप घ्याल तेव्हा बाही वर सारा, आणि माणूस समोर उभा राहायला तयार नसेल तर विचारा, हे घर कोणासाठी बांधतोय आपण? मोठी माणसं हे विचारायला लाजतात. बोरीत अख्खं गाव लाजलं. कसं, ते ऐका.

मिरगाला आठ दिवस उरले होते. उत्तरेकडं रोज दुपारी ढग जमायचे आणि कुणी त्यांच्याकडं बघायचं नाही. अशात तीर महिन्याचं, म्हणजे खुर्दादच्या पुढच्या महिन्याचं पत्र आलं. मास्तर जोत्यावर बसले. धोंडीबा आणि भुजंग आले. बाई भिंतीला पाठ लावून बसल्या. मी शेजारीच गाऱ्याच्या खड्ड्यात उभी होते, कमरेपर्यंत.

“दारांना हिरवा रंग द्यावा,” मास्तरांनी वाचलं. “फार गडद नको. पोपटी चालेल. घर कसं दिसतं ते सविस्तर कळवावं. इकडं सर्व क्षेम.” त्यांनी कागद घडी केला. “आणि लवकरच येतो.”

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “तेवढं पुन्हा वाचा.”

“कोणतं, वैनी?”

“शेवटचं. आन् बोट ठेवून वाचा.”

मास्तरांनी कागद उघडला. बोट ओळीओळीनं खाली आलं. पोपटी रंगावरून गेलं, क्षेमावरून गेलं आणि सहीपाशी थांबलं.

“मला अक्षर येत न्हाई,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीला मीठ किती विचारावं तसा. “पर पोपटी म्हणताना तुमी कागदाकडं बगता. येतो म्हणताना माज्याकडं बगता.”

भुजंग पटाशीची धार अंगठ्यावर बघायला लागला. ती चांगली होती, तरी बघतच राहिला.

“ह्या पत्रात न्हाई, वैनी,” मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “तुमी वाट बगत बसायच्या. मला… निस्तं हिरवा रंग सांगून उठवंना.”

“आन् आदीच्या पत्रांत?”

“पहिल्यात होतं. निस्तं पहिल्यात.”

ढगांची सावली बैठकीवरून सरकत पलीकडच्या भिंतीवर चढली. शेवटी धोंडीबाला राहवेना, आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, “बरं, मंग मालक आले की…”

आणि तिथंच अडकलं.

बाई उठल्या. त्यांनी मला खड्ड्यातून उपसलं. पदराला पुसलं नाही, गारा तसाच निथळू दिला. बैठकीत गेल्या, जिथं तुळई कमी पडली होती त्या भिंतीशी वाकल्या, माझं एक टोक भिंतीला टेकवून मला जमिनीवर आडवी ठेवली, आणि दुसऱ्या टोकाशी टाचेनं मातीत खूण केली. भुजंगानं पटाशी खाली ठेवली.

“ते येणार न्हाईत, धोंडीबा,” बाई म्हणाल्या. “खांब इथं रोवा.”