मत्सराचं गुलाबी पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिने भरले, शेवटी बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसल्या. मंचावर लांब टेबल, टेबलावर काचेचे वाडगे, एका मोठ्या जगमध्ये पाणी. आणि टेबलामागे, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, निर्मळमाई.

"डॉक्टर रक्त तपासतो," माई माइकवर कुजबुजल्यासारखं बोलली. "यंत्र हाडं तपासतं. पण बाळांनो, मन कोण तपासणार? पाणी तपासणार! पाण्याला खोटं बोलता येत नाही. पाण्याला लाच चालत नाही. पाण्याला सासूही नसते आणि सूनही नसते!"

हशा पिकला. मग एकेक बाई मंचावर जाऊ लागली. माईची मदतनीस तिच्या हातात ओला टॉवेल द्यायची. "बाहेरची धूळ पुस, आतली राहू दे," माई म्हणायची. बाई हात पुसून वाडग्यात बुडवायची आणि सगळं सभागृह श्वास रोखून बघायचं. पाणी होतं तसंच राहिलं तर माई "निर्मळ!" असं ओरडायची आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. पण काहींचे हात बुडताक्षणी पाण्यात गुलाबी धूर पसरायचा आणि बघता बघता वाडगा गडद गुलाबी व्हायचा.

"मत्सर!" माई बोट रोखायची. "हाच तुझ्या घरादाराला खातोय. कबूल कर."

बाई रडत कबूल करायची. जावेचा, शेजारणीचा, धाकट्या बहिणीचा, ज्याचा असेल त्याचा. मग माई एका कुपीतून 'क्षमाजल' ओतायची आणि गुलाबी पाणी क्षणात पुन्हा स्वच्छ!

मी पाचव्या रांगेत होते. चमत्कार बघायला आले नव्हते; आमच्या मंडळातल्या किती जणी इकडे फुटल्यात ते मोजायला आले होते. चौतीसपैकी एकवीस निघाल्या.

आमचं मंडळ म्हणजे छापखान्यावरची एक खोली. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरची पेनं घरंगळतात. नऊ वर्षांपूर्वी मी आणि आणखी तिघींनी ते सुरू केलं. बाई हे माणूस आहे आणि माणसाचे सगळे हक्क तिचे आहेत, एवढंच सांगायचं आणि त्यासाठी लागतील तेवढे उंबरे झिजवायचे. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह, वारसाच्या नोंदीत मुलींची नावं, सारख्या कामाला सारखा पगार, या सगळ्यांचे अर्ज मी लिहिले. माझा धंदाच तो. कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लोक मला अर्जवालीच म्हणतात.

दीड वर्षापूर्वी आमच्यात मास्तरीण आली. शाळेत विज्ञान शिकवायची. आली, हसली आणि मंडळ तिचं झालं. मी नऊ वर्षं समजावत होते तीच गोष्ट ती दोन वाक्यांत सांगायची आणि बायका माना डोलवायच्या. माझ्या भाषणात जांभया देणाऱ्या तिच्या भाषणात वह्या काढायच्या. पुढच्या निवडणुकीत ती अध्यक्ष झाली आणि मी राहिले चिटणीस. ती बोलणार, मी लिहून घेणार! वरून मी अभिनंदन केलं, आतून अंगाचा तिळपापड झाला. तिच्या बोलण्यात एखादी चूक सापडली की तो दिवस मला गोड जायचा. हे सांगायला लाज वाटते, पण ते वगळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

त्याच सुमारास कपड्यांच्या कारखान्यात काज करण्याच्या मशीनवर बसणारी एक मुलगी मंडळात आली. तिला सगळ्या काजवाली म्हणत. तिथला सुपरवायझर कोठारात बोलावून हात धरतो, अंगचटीला येतो, अशी तिची तक्रार होती. तीन सहकारणींनी तिला रडत बाहेर येताना पाहिलं होतं. मास्तरिणीने धीर दिला, मी अर्ज लिहिला, आणि कारखान्याच्या तक्रार समितीला सुनावणी लावावी लागली. ती शुक्रवारी होती. माई गावात उतरली ती त्याच आठवड्यात.

त्या रविवारी काजवालीच्या तिन्ही साक्षीदार एकामागोमाग मंचावर गेल्या. तिघींचंही पाणी स्वच्छ.

"तुम्ही निर्मळ आहात," माई म्हणाली. "दुसऱ्यांच्या भांडणात हात घालून ते मळवू नका."

मग माईने स्वतःहून काजवालीला पुकारलं. तिचे हात बुडाले आणि वाडगा लालबुंद म्हणावा इतका गुलाबी झाला.

"कुणाला तरी बढती मिळाली," माई डोळे मिटून म्हणाली. "ती तुला बघवली नाही. बाळ, तुझ्या तोंडून अन्याय बोलत नाहीये, मत्सर बोलतोय. तक्रार सोड, आत्ता तुझं पाणी स्वच्छ करते."

काजवालीने नकारार्थी मान हलवली आणि मुठी घट्ट मिटून ती तशीच खाली उतरली. वाडगा गुलाबीच राहिला.

माझं डोकं फिरलं. मी तरातरा वर गेले आणि म्हणाले, "माझंही पाणी बघा."

मदतनिशीने टॉवेल दिला. मी हात पुसले, पाण्यात घातले. काजवालीपेक्षाही गडद!

"तुझ्या जागेवर दुसरी कुणी येऊन बसली आहे," माई हळूच म्हणाली. "आणि ती तुझ्यापेक्षा हुशार आहे."

एकवीस जणींनी माझ्याकडे पाहिलं. एकवीस जणींना ठाऊक होतं. मी भांडायला गेले होते, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना, कारण ती म्हणाली ते अक्षरन् अक्षर खरं होतं. मी रुमालाला हात पुसले आणि क्षमाजल न घेताच खाली आले. नऊ वर्षं लोकांना चिकित्सा शिकवणारी मी त्या क्षणी, खरं सांगते, माईवर विश्वास ठेवला.

सोमवारी सकाळी मी कपडे धुवायला बसले. रुमाल वाळून पुन्हा पांढरा झाला होता. बादलीतल्या साबणाच्या पाण्यात टाकला, तर त्याच्यावर माझ्या बोटांचे गुलाबी डाग उमटले. मी बघतच राहिले. माझे हात तर पाण्याला लागलेही नव्हते. मग आता कुणाचा मत्सर वर आला? रुमालाचा? की साबणाला कुणाचा हेवा वाटत होता?

यात काहीतरी गोम आहे, एवढं कळलं. काय आहे ते कळेना. कुणाला कळेल तेही ठाऊक होतं आणि तिथेच घोडं अडलं. मास्तरिणीच्या दारात जाऊन "मला समजत नाही, तुम्ही सांगा" असं म्हणायचं? त्यापेक्षा माझी जीभ झडली असती तरी चाललं असतं. आणि आणखी एक विचार होता, अगदी तळाशी दडून बसलेला. ही तक्रार म्हणजे मास्तरिणीच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम. ते फसलं तर? मी तो विचार झटकला नाही. दिवसभर कुरवाळला.

मंगळवारी दुपारी काजवाली दुकानात आली. खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाली, "ताई, एक अर्ज लिहून द्या. तक्रार मागे घेतल्याचा."

"का गं?"

"तिघीही साक्षीला येत नाहीत म्हणतात. आणि माई म्हणाली ते खरंच आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मुलीला बढती मिळाली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. म्हणजे मी खोटीच ना?"

"त्याने तुझा हात धरला होता की नव्हता?"

"धरला होता. दोनदा."

"मग?"

"पण पाणी गुलाबी झालं ना, ताई. तुमचंही झालं. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मी कीबोर्ड बाजूला सारला. मी गप्प बसले, म्हणून ही मुलगी स्वतःलाच खोटी ठरवून माझ्यासमोर उभी होती. "तू इथे बस, पाणी पी, मी आलेच," म्हणत मी रुमाल पिशवीत टाकला आणि शाळा गाठली.

प्रयोगशाळेत मास्तरीण परीक्षानळ्या धूत होती. मी सगळं सांगितलं. रुमाल पुढे केला.

"साबणाच्या पाण्यात गुलाबी? आणि कुपीतलं काहीतरी टाकलं की स्वच्छ?" तिचे डोळे चमकले. तिने कपाटातून थेंबनळीची एक बाटली काढली. "याचं नाव फिनॉल्फ्थॅलीन. परीक्षेत हे लिहिताना अर्धा वर्ग गळपटतो. हा रंग बदलून वस्तू ओळखू देणारा पदार्थ. साध्या पाण्यात दिसतसुद्धा नाही. पण धुण्याचा सोडा किंवा साबण भेटला की गुलाबी. व्हिनेगर टाका, पुन्हा गायब."

तिने तिन्ही करून दाखवलं. क्षमाजलाला लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता, ते मला तेव्हा आठवलं.

"पण मग माझ्या हाताला सोडा कुठून?"

"हात बुडवायच्या आधी काय केलंत?"

"काहीच नाही. टॉवेल..." मी थांबले. मदतनिशीच्या दोन बाजूंना दोन टोपल्या होत्या. कुणाला डावीकडचा टॉवेल, कुणाला उजवीकडचा. मला डावीकडचा मिळाला होता आणि माझी बोटं तेव्हा बुळबुळीत लागली होती. आणि हीच मदतनीस बाहेर रांगेत बायकांशी किती गोड गप्पा मारत होती! माझं दुखणं तिला आमच्याच कुणीतरी सांगितलं असणार.

"तुम्ही माझ्याकडे आलात याचं मला नवल वाटलं," मास्तरीण म्हणाली.

"मलाही. मी तुमच्यावर जळते."

"ठाऊक आहे. ही बाटली जरा धरा, मी उद्याच्या सभेसाठी आणखी सोडा शोधते."

दुकानात परतून मी काजवालीला सगळं सांगितलं आणि तो अर्ज लिहिलाच नाही. बुधवारी संध्याकाळी माईची दुसरी सभा होती. गर्दी दुप्पट. मी सगळ्यांत आधी हात वर केला. "माई, मी रविवारी क्षमाजल न घेता पळाले. आज पुन्हा तपासा."

माई खुलली. मदतनिशीने डाव्या टोपलीतला टॉवेल पुढे केला.

"तो नको," मी म्हणाले. "मी नळावर हात धुऊन आले आहे." आणि कुणी अडवायच्या आत दोन्ही हात वाडग्यात बुडवले.

पाणी स्वच्छच. मी माइक ओढला. "बायांनो, मी आजही आमच्या अध्यक्षीणबाईंवर तेवढीच जळते. रविवारपेक्षा कणभरही कमी नाही. मग पाणी गुलाबी का झालं नाही?"

आमच्या मंडळातल्या जणी आधी हसल्या. मग सगळं सभागृह हसलं.

"श्रद्धा नसेल तिथे पाणी बोलत नाही!" माई कडाडली.

"मग तुम्ही हात बुडवा. हाच टॉवेल घ्या, पुसा आणि बुडवा."

"मी मुक्त आहे. मला परीक्षा नाही."

तेवढ्यात काजवाली मंचावर चढली. तिने डाव्या टोपलीतला टॉवेल उचलला आणि तसाच्या तसा वाडग्यात टाकला. टॉवेलभोवती गुलाबी ढग उसळले आणि काठापर्यंत पाणी रंगलं.

"माई," तिने विचारलं, "या टॉवेलला कुणाची बढती बघवली नाही?"

मग मास्तरीण पुढे आली. सोडा, व्हिनेगर आणि ती लांबलचक नावाची बाटली मांडून तिने सगळं पुन्हा करून दाखवलं. दोन बायकांना वर बोलावून त्यांच्याकडूनही करून घेतलं. माई मागच्या दाराने निघाली, तर तिथे आमच्या चार जणी तिची वाट बघत उभ्या होत्या. हे सभागृह सुपरवायझरच्या मेव्हण्याने ठरवलं होतं, हे माईनेच नंतर पोलिसांपुढे सांगितलं. टाळ्या मास्तरिणीला पडल्या. मला त्याही वेळी थोडं टोचलंच.

शुक्रवारच्या सुनावणीला तीनपैकी दोन साक्षीदार आल्या. तिसरी आली नाही. भीती एका प्रयोगाने जात नाही. सुपरवायझर पायावर पाय टाकून बसला होता.

"साहेब, हिला दुसरीची बढती सहन झाली नाही," तो समितीला म्हणाला. "ही जळते. विचारा तिला."

समितीच्या बाईंनी काजवालीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, पोरी, नाही म्हण.

"हो, जळले होते," काजवाली म्हणाली. "आणि यांनी कोठारात माझा हात धरला. दोन्ही खरं आहे. चौकशी दुसऱ्या गोष्टीची लावली आहे."

समितीच्या बाईंनी पेन उचललं आणि साक्षीदारांना आत बोलावलं. महिनाभराने सुपरवायझरला कामावरून काढल्याची नोटीस फाटकावर लागली.

हे मी लिहिलं ते मास्तरिणीच्या सांगण्यावरून. तिच्या मते मी तिच्यापेक्षा बरं लिहिते, आणि हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवणार नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. कुणी तुमचं मन पाण्यात, आगीत किंवा आरशात दाखवू लागला, तर तो काय करतो ते नीट बघा, स्वतः करून बघा, आणि समजलं नाही तर जाणकाराला विचारा, मग तो तुम्हाला कितीही नावडता असो. मन कुणाचंच निर्मळ नसतं. न्याय मागायला ते निर्मळ असावं लागत नाही.